खंडेनवमीला सतरा नंबरचा पाना

आमच्या गाडीची सर्व्हिसिंग वर्षातून तीनदा होते आणि तिन्ही वेळा ती घरीच होते, पोर्चमध्ये. लेआउटमधल्या, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या, बाकीच्या गाड्या सर्व्हिस सेंटरला जातात. तिथे मालकांना एसीत बसवून कॉफी देतात म्हणे, आणि संध्याकाळी गाडी अत्तर लावून परत येते. आमची गाडी दोन उतरत्या सागवानी फळ्यांवर चढते, खाली एक पोतं अंथरलं जातं, आणि पोर्चच्या पायरीवर स्टीलच्या परातीत नटबोल्टचे पाने मांडले जातात. ती परात माझ्या लग्नातली आहे. पहिल्यांदा तिच्यात पाने पाहिले तेव्हा मी दोन दिवस घरात कोणाशी बोलले नव्हते.

ही पद्धत माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामाजी म्हणते. बसच्या डेपोत चौतीस वर्षं ते डिझेल फिटर होते. अंगानं वाळलेले, उंचीनं बेताचे, बोलायला अगदी कंजूस. माणसांशी जेवढं बोलतात त्याच्या दुप्पट ते इंजिनाचं ऐकतात. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की मडगार्डवर हात ठेवून उभे राहतात आणि थोड्या वेळानं नुसतं 'हं' म्हणतात. त्या 'हं'चे प्रकार मला आता कळतात. एक 'हं' म्हणजे ठीक आहे, दुसरा म्हणजे पाहावं लागेल, आणि तिसरा म्हणजे काल तू गाडी दामटली होतीस.

मी शाळेत गणित शिकवते. राग माझ्या नाकावर असतो, हे मुलांनाही माहीत आहे आणि घरच्यांनाही. नऊ वर्षांपूर्वी माझी बदली उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या वाटेवरच्या एका गावात झाली, तेव्हा तो राग फार वाढला होता. सकाळी बस चुकायची, संध्याकाळी यायचीच नाही, आली तर उभ्यानं यावं लागायचं. घरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा आणि मी ओट्यावर भांडी आपटत स्वयंपाक करायची. नवरा म्हणायचा, धीर धर, दोन वर्षांत परत बदली होईल. सासूबाई म्हणायच्या, नोकरी सोडू नको, बाकी मी सांभाळते. मामाजी काहीच म्हणत नसत.

एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले की हिला गाडी घेऊन द्या. डिझेल घ्या, रस्ता लांबचा आहे. डेपोत बस मागेपुढे करणारे मामाजी सोडले तर घरात कोणालाच चारचाकी चालवता येत नव्हती. नवऱ्याला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलून राहिले. पण पुढच्या दोन महिन्यांत मामाजींनी सहा जुन्या गाड्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे ऐकल्या. मालक बिचारे रंग दाखवत, सीटची कव्हरं दाखवत, आणि हे डोळे मिटून मडगार्डवर हात ठेवून उभे. पाच गाड्यांना त्यांनी नुसती मान हलवली. सहावी पांढरी होती, मागचा बंपर चेपलेला होता, आणि तिच्यासमोर ते म्हणाले, ‘हं’. तीच आमची गाडी.

चालवायलाही त्यांनीच शिकवलं, लेआउटमागच्या रिकाम्या प्लॉटवर. मी क्लच सोडताना गाडी उड्या मारायची आणि मी गाडीवरच ओरडायची. ते शेजारी शांत बसून राहायचे. मला जमायला लागलं, मी पेढे वाटायच्या बेतात होते, तेव्हा त्यांनी बोनेट उघडलं. चालवणं म्हणजे अर्धंच काम झालं, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यात एकटी बाई, सोबत कोणी नाही, मग उरलेलं अर्धं तिला येऊ नये का?

मला ते मुळीच नको होतं. हाताला डिझेलचा वास लागला की साबणानं जात नाही, भातालाही लागतो. पण मामाजींना नाही म्हणणं कठीण, कारण ते आग्रह करतच नाहीत. ते नुसते वाट पाहतात. पहिला धडा डिझेलच्या फिल्टरचा होता. फिल्टरच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की खाली साचलेलं बाहेर येतं. त्यांनी ते औषधाच्या काचेच्या बाटलीत धरलं आणि उजेडाकडे केलं. वर पिवळसर डिझेल आणि खाली बोटभर पाणी, मधे स्वच्छ रेघ. डिझेलच्या गाडीचं खरं दुखणं हे पाणी, ते म्हणाले, ते वेळच्या वेळी काढत राहिलं की गाडी काही मागत नाही. मी वर्गात कितीतरी गोष्टी शिकवते, पण एका बाटलीत इतकं नीट मला कधी दाखवता आलेलं नाही.

त्या शिकवणीचं मोल मला दुसऱ्या वर्षी कळलं. डिझेल भरायचं विसरले आणि उमरेड सोडल्यावर गाडी आचके देत बंद पडली. आजूबाजूला मिरचीची शेतं होती. एका दुचाकीवाल्यानं कॅनमध्ये पाच लिटर डिझेल आणून दिलं, पण गाडी सुरू होईना. तोपर्यंत चार जण जमले होते आणि प्रत्येकाचा एकेक मेकॅनिक ओळखीचा होता. मी मामाजींना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लाइनमध्ये हवा आहे, पंप दाब, कडक झाला की थांब. फोन ठेवून दिला. मला असा राग आला की काय सांगू. पण फिल्टरजवळचा तो लहानसा हातपंप मी दाबत गेले. आधी तो पोकळ लागत होता, मग हळूहळू भरला, आणि अंगठ्याला खरंच कडक लागला. किल्ली फिरवल्यावर गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. ते चार जण आपापल्या वाटेनं गेले. मी मात्र काच वर करून पाच मिनिटं रडले. त्या रस्त्यावर मला त्यानंतर कधी भीती वाटली नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मामाजींनी रडणं वगैरे काही केलं नाही. त्यांनी हळूहळू एकेक गोष्ट सोडली. संध्याकाळचं फिरणं सोडलं, चौकातला कट्टा सोडला, पेपर वाचणं सोडलं. तंबाखू तर सासूबाई होत्या तेव्हाच सुटली होती, फक्त चुन्याची डबी खिशात राहिली होती. दिवसचे दिवस ते दिवाणावर पंख्याकडे पाहत पडून असत. पण सर्व्हिसिंगचा दिवस आला की सहाच्या आत उठत, जुना खाकी शर्ट घालत आणि मला विचारत की गाडी किती किलोमीटर झाली. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जात. मी त्या दिवसांची फार वाट पाहायची. गाडीला गरज नसली तरी मी एखादं निमित्त काढायची, काहीतरी वाजतंय म्हणायची. त्यांना माझं खोटं कळत असावं, पण ते मडगार्डवर हात ठेवायला उठायचे.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. गेल्या पावसाळ्यातल्या सर्व्हिसिंगला ते इंजिनच्या ऑइलचं झाकण लावायचं विसरले. काही बिघडलं नाही, फक्त बोनेटखाली सगळीकडे तेल उडालं. ते नवऱ्यानं पाहिलं. नवरा बँकेत आहे. तो शांत माणूस आहे, आणि शांत माणसांनी एकदा ठरवलं की त्यांच्याशी भांडता येत नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, ‘बाबा, दसऱ्याची सर्व्हिसिंग करा. पण त्यात काही राहिलं तर पुढच्या वेळेपासून गाडी सेंटरला जाईल. ही रोज शंभर किलोमीटर जाते.’

त्याचं काही चुकत नव्हतं, हेच मला लागलं. मामाजी खाली मान घालून जेवत राहिले. त्यांनी ताक मागितलं, मी वाढलं. मला मात्र त्या दिवसापासून घोर लागला. गाडी सेंटरला गेली तर या माणसाला सकाळी सहाला उठायला कारण काय उरणार होतं? दसऱ्याची सर्व्हिसिंग धड पार पडावी, एवढंच मी मनातल्या मनात म्हणत होते.

मामाजींची कामाची एक पद्धत आहे, ती इथे सांगायला हवी. कुठलाही बोल्ट ते आधी हातानं बसवतात, बोटांनी जेवढा फिरेल तेवढा. मग बाकीचं काम करतात. सगळं झाल्यावर परत येऊन तो पान्यानं आवळतात आणि लगेच डबीतला चुना बोटावर घेऊन त्यावर एक ठिपका देतात. ठिपका म्हणजे बोल्ट पक्का. ठिपका नसला तर समजायचं की काम राहिलं आहे. डेपोत एकाच बसवर तीन माणसं हात लावायची, तेव्हा त्यांनी ही खूण काढली होती, आणि ती पुढे सगळ्यांनीच उचलली होती.

खंडेनवमीला सकाळी साडेसहाला ते कामाला लागले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही तिघांनी काटोलला माझ्या आईकडे सोनं द्यायला जायचं ठरलं होतं, म्हणून सर्व्हिसिंग आदल्या दिवशीच उरकायची होती. गाडी फळ्यांवर चढली. ते पोत्यावर आडवे झाले आणि हळूहळू खाली सरकले. मी परातीतून पाने पुरवत होते. सतरा नंबर, असं खालून ऐकू आलं, मी सतरा नंबरचा पाना दिला. चेंबरचा बोल्ट सुटला आणि काळंभोर ऑइल घमेल्यात पडायला लागलं. ते दोन बोटांत घेऊन त्यांनी चोळलं, वास घेतला आणि आपलं 'हं' म्हणाले. सगळं ऑइल निथळल्यावर नवीन तांब्याचं वायसर घालून बोल्ट परत हातानं लावला. मग ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टरचं पाणी. नवीन ऑइल मी ओतलं. झाकण त्यांनी स्वतः लावलं आणि माझ्याकडे पाहून दोनदा दाबून दाखवलं. मला हसू आलं आणि जीव भांड्यात पडला.

नऊ वाजले होते. मी म्हटलं, आधी आंघोळ करून घ्या, पूजा खोळंबली आहे. ते बादली घेऊन गेले. आणि मी, जिला दर गोष्टीची घाई, परात उचलली.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते आणि आमची शस्त्रं म्हणजे पाने. डेपोतही ती तशीच होत असे. सगळे पाने, हातोडी, पक्कड, जॅकचा दांडा, सासूबाईंची शिवणाची कात्री आणि माझा फळ्यावरचा लाकडी कंपास. मी पाने रॉकेलनं धुतले, कोरडे केले, पाटावर ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्या पाटावरचं काही उचलायचं नाही, हा घरातला नियम. डेपोत त्या दोन दिवसांत नट फिरला नाही म्हणजे नाहीच, असं मामाजी नेहमी सांगत.

ते आंघोळ करून आले आणि पाटासमोर थांबले. मला ते आजही दिसतं. पंच्यानं डोकं पुसता पुसता त्यांचा हात थांबला आणि त्यांनी एकदा पोर्चकडे पाहिलं.

‘सारेच ठेवले का वं?’ त्यांनी विचारलं.

सारेच, मी फुशारकीनं सांगितलं. त्यांनी हात जोडले, उदबत्ती लावली आणि दिवाणावर जाऊन बसले. दुपारी नवऱ्यानं गाडी फळ्यांवरून खाली घेतली, पोर्च धुतला आणि फळ्या मागे नेऊन ठेवल्या.

दसऱ्याला सकाळी मी गाडीसमोर मोठी रांगोळी काढली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. नारळ फोडला. नवऱ्याला गाडी जेमतेम चालवता येते, पण दसऱ्याच्या दिवशी लिंबांवरून गाडी पुढे घ्यायचा मान तो सोडत नाही. त्यानं गाडी सुरू केली, रांगोळीवर आणून उभी केली, थोडा वेळ तशीच चालू ठेवली आणि बंद करून कपडे बदलायला आत गेला. मामाजी पांढरं धोतर नेसून पायरीवर बसले होते. मी तबक उचलायला वाकले आणि पांढऱ्या रांगोळीवर मला तीन काळे ठिपके दिसले. पाहता पाहता चौथा पडला.

मी रेशमी लुगडं सावरत गुडघ्यावर बसले आणि फोनचा उजेड खाली मारला. चेंबरच्या बोल्टला थेंब धरला होता. बोल्टवर चुन्याचा ठिपका नव्हता.

सगळं एका क्षणात कळलं. बोल्ट हातानं लावलेला होता, पाना फिरायचा होता, आणि पाना मी पाटावर नेऊन ठेवला होता. पूजेतला पाना ते उचलणार नव्हते, आणि सणाच्या दिवशी सुनेला टोकणारही नव्हते. संध्याकाळपर्यंत सांगू म्हणून थांबले असतील, आणि विसरले असतील. आम्ही तशीच काटोलची वाट धरली असती तर कुठेतरी तो बोल्ट गळून पडला असता, सगळं ऑइल वाहून गेलं असतं आणि इंजिन जागच्या जागी बसलं असतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला काटोलची वाट आठवलीच नाही. मला नवऱ्याचं जेवतानाचं वाक्य आठवलं.

मी तबकातलं फडकं घेतलं आणि ते काळे ठिपके पुसायला लागले. रांगोळी फिसकटली, तेल पसरलं, मी आणखी जोरात पुसू लागले. माझा बेत ठरला होता. नवऱ्याला काहीतरी आणायला दुकानात पाठवायचं, तेवढ्यात बोल्ट आवळून टाकायचा, आणि कोणाला काही कळू द्यायचं नाही. वर पाहिलं तर मामाजी पायरी उतरून माझ्यामागे उभे होते.

‘पुसू नको, बाई,’ ते म्हणाले. ‘त्याले पाहू दे.’

मी हळू आवाजात म्हटलं की पाना मी उचलला, चूक माझी आहे, तुम्ही आत जाऊन बसा. ते गेले नाहीत. त्यांनी स्वतः नवऱ्याला हाक मारली. तो नव्या सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर आला. त्यानं रांगोळी पाहिली, माझ्या हातातलं काळं फडकं पाहिलं आणि थांबला.

मामाजी म्हणाले, ‘बोल्ट मी हातानं लावला होता. पाना फिरवाचा राहिला. हिनं पूजेत ठेवला हे खरं आहे, पण सांगाचं काम माहं होतं. इसरलो मी. उद्या ही याच गाडीत एकटी गेली असती. मायाच्यानं होत नाही आता. तू म्हणला होता तसं, दे गाडी सेंटरले.’

इतकी वाक्यं त्यांनी सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. उजवा हात थरथरत होता आणि तो त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता. माझा राग उसळला. नवरा आता एक शब्द जरी बोलला असता, मी म्हटलं होतं ना, असं काही, तर दसरा असो की दिवाळी, मी त्याला सोडलं नसतं. तोंडाशी शब्द जमवून मी तयार होते.

 नवऱ्यानं नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सरकवल्या.

‘बाबा,’ त्यानं विचारलं, ‘पोतं कुठं ठेवलं आहे?’

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आहेत. या माणसाचे आभार मानायची वेळ माझ्यावर क्वचितच येऊ दिली आहे मी. त्या दिवशी मात्र मनात मानले, आणि आता इथे लिहून मानते.

फळ्या मागून आल्या. मी हलक्या हातानं गाडी वर चढवली. पोतं अंथरलं. मामाजी सवयीनं खाली बसायला लागले, अर्धे वाकले आणि तिथेच थांबले. गाडीखालच्या अंधाराकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. ते सरळ झाले, देवघरात गेले, पाटासमोर उभे राहून हात जोडले, आणि झेंडूच्या फुलांखालून सतरा नंबरचा पाना उचलून आणला. चौतीस वर्षांत आणि पुढच्या वीस वर्षांत न मोडलेला नियम त्यांनी माझ्यासमोर मोडला. पान्यावर हळदकुंकू तसंच होतं. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

मी पदर खोचला, नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवला आणि पोत्यावर आडवी झाले. नऊ वर्षं मी पाने पुरवले होते, पण गाडीखाली कधी गेले नव्हते. खालून गाडी फार मोठी वाटते. मामाजी चाकाशी मांडी घालून बसले, धोतराची पर्वा न करता, आणि टॉर्च धरली. उजेड त्यांच्या हाताबरोबर थरथरत होता. मग नवऱ्यानं वाकून त्यांच्या हाताखाली आपला हात दिला आणि उजेड स्थिर झाला.

पाना बोल्टवर बसवला. पहिला फेरा सहज गेला. दुसरा जड लागला. मग वायसर दबल्याचं मनगटाला कळलं, पण तेवढं पुरे की अजून थोडं हवं, हे कळेना. कमी आवळलं तर गळणार, जास्त आवळलं तर चेंबरचे आटे जाणार. मी खालून विचारलं, मामाजी, झालं का?

‘मले काहून विचारतं?’ ते म्हणाले. ‘हात तुया आहे.’

मी डोळे मिटले आणि पाव फेरा आणखी दिला. मग थांबले. बोल्ट पुसून कोरडा केला. इंजिन सुरू करून आम्ही तिघंही दहा मिनिटं खाली पाहत राहिलो. थेंब आला नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली, जेमतेम कमी झालं होतं, तेवढं भरलं. मामाजींनी खिशातून डबी काढली, उघडली आणि माझ्यापुढे धरली. ठिपका मी दिला.

सेंटरचं त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. ना ठरलं, ना मोडलं. हात धुऊन, पाना परत पाटावर ठेवून आम्ही दीड तास उशिरा निघालो. लुगड्याला काठाशी तेल लागलं होतं आणि आईनं विचारलं तर काय सांगायचं याचा मी विचार करत होते. नवरा मागे आपट्याच्या पानांची पिशवी मांडीवर घेऊन बसला. मामाजी नेहमीसारखे पुढे, माझ्या शेजारी.

काटोल नाका मागे पडला. ऊन चढलं होतं. गाडीत बसले की मामाजींचा एक हात कायम डॅशबोर्डवर असतो, मी गिअर उशिरा बदलला तर बोट वाजतं, क्लचवर पाय राहिला तर पुन्हा वाजतं. नऊ वर्षं ते माझ्या शेजारी बसले, पण आराम म्हणून कधी बसले नाहीत. कान सगळे इंजिनाकडे. फेटरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बराच वेळ बोट वाजलं नाही. मला वाटलं, सकाळचं मनाला लागलं असेल. काहीतरी बोलावं, त्यांना बरं वाटेल असं, म्हणून मी शब्द शोधत होते. मला रागावता येतं, भांडता येतं, पण आभार मानताना माझी जीभ अडते.

मामाजी, अशी हाक मारून मी वळून पाहिलं. त्यांचा हात डॅशबोर्डवर नव्हता. तो मांडीवर पडला होता, थरथर थांबली होती, आणि मान खिडकीला टेकवून ते गाढ झोपले होते. मागून नवरा हळूच म्हणाला, उठवू नको. कळमेश्वरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. तो सगळा तुकडा मी दुसऱ्या गिअरमध्ये, एकेक खड्डा चुकवत काढला.